नदी उलट का वाहते?

प्रश्न : आमच्या गावची नदी सकाळी समुद्राकडे जात होती. दुपारी पाहिलं तर डोंगराकडे निघालेली! असं कसं? (इयत्ता पाचवी, काणकोण, गोवा)

तू अगदी बरोबर पाहिलंस. तुझी नदी म्हणजे तळपण नाहीतर गालजीबाग असणार. दोघी काणकोणच्याच डोंगरातून निघतात आणि काणकोणातच समुद्राला मिळतात. अशा आखूड नदीचा शेवटचा टप्पा जवळजवळ सपाट असतो, तिथला तळ समुद्राच्या पातळीहूनही खाली असतो. भरतीला समुद्र चढला की त्याची पातळी नदीपेक्षा वर जाते. पाणी उंचावरून सखल जागी जाणारच, म्हणून समुद्र नदीत शिरतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तेच पाणी परत फिरतं. ही ये-जा जिथवर पोचते ती खाडी.

एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. वेळ काढायचा जुना हिशेब आजीला नक्की ठाऊक असेल : तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर ६ गुणिले पाऊण म्हणजे साडेचार. पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या आसपास पूर्ण भरती. तासाभराचा फरक पडतो, म्हणून होडी काढायची असेल तर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघावं. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते, हेही धरायचं.

आता महत्त्वाचं. पाणी सहा तास चढतं, पण एकसारखं नाही. एकूण चढाचे १२ भाग कर. पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात आणि चौथ्यात ३-३, पाचव्यात २, सहाव्यात १. उतरतानाही तसंच. गोव्यात उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) हा चढ साधारण २ मीटर असतो, म्हणजे मधल्या दोनच तासांत १ मीटर! त्या वेळी ओढ सर्वांत जास्त असते. सुकतीच्या मधल्या तासांत नदीच्या मुखाशी पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. काठावरून नारळाचं सोडण (वरची साल) पाण्यात टाक आणि घरच्या मोठ्या माणसाबरोबर काठाने चालत राहा. कधी तुझ्या पुढे जातं, कधी थबकतं, कधी मागे वळतं ते दिसेल.

प्रश्न : जुलैत खाडीचं पाणी गोडं असतं, मे महिन्यात तिथेच खारट. मीठ जातं कुठे? (इयत्ता सातवी, सासष्टी)

मीठ समुद्रातच असतं, पुढे-मागे सरकते ती त्याची हद्द. गोव्यात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हा नदीला जोर असतो आणि ती खारं पाणी मुखाकडे लोटते. उन्हाळ्यात डोंगरातले झरे आटतात, लोटायला कुणी उरत नाही, आणि खारं पाणी मैलोन्‌मैल आत येतं.

दोन्ही पाणी एकत्र आलं तरी लगेच मिसळत नाही. घरी करून बघ. काचेच्या उंच पेल्यात २०० मिली पाणी घे, त्यात चहाचा सवा चमचा मीठ (सुमारे ७ ग्रॅम, समुद्राइतकाच खारटपणा) पूर्ण विरघळव आणि नीळ दोन थेंब टाक. आता चमचा उपडा करून पाण्याला जेमतेम टेकव आणि त्याच्या पाठीवरून साधं पाणी थेंब-थेंब सोड. खाली निळं, वर पांढरं, मध्ये स्पष्ट रेघ! खारं पाणी जड, म्हणून तळाशी. सगळं निळं झालं तर पाणी घाईने ओतलंस, पुन्हा कर. मग चमच्याने ढवळ : उधाणाची भरती खाडीत हेच करते.

प्रश्न : खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधातल्या लाकडी दारांना मानस का म्हणतात ते नको, ती चालतात कशी ते सांगा. (इयत्ता आठवी, तिसवाडी)

भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, झडपा मिटतात. सुकतीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. दिवसातून दोनदा, कुणी हात न लावता. बिघडतं ते फार साध्या कारणाने : झडपेत ओंडका किंवा फांदी अडकली की फट राहते, खारं पाणी शेतात शिरतं. कोरगूट भात थोडा खारटपणा सोसतं, इतर भात पिवळं पडतं. बांधाला कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बिळं पाडली तरी तेच. बीळ बोटाएवढं असतानाच चिखलाने बुजवावं. उधाणाच्या रात्री ते रुंदावत जातं आणि बांध फुटतो. बाहेरच्या बाजूची खारफुटी तोडू देऊ नका, लाटांचा पहिला मार तीच झेलते.

प्रश्न : नदीचं मुख दरवर्षी जागा का बदलतं? (इयत्ता सहावी, काणकोण)

पावसाळ्यात नदी मुखावरची वाळू बाहेर ढकलते. पाऊस संपला की लाटा ती परत आणून टाकतात, मुखाशी वाळूचा दांडा वाढत जातो आणि नदीला वाट शोधावी लागते. काठावरचा एक माड खूण धरून डिसेंबरात आणि मेमध्ये दांड्याच्या टोकापर्यंत पावलं मोज. गालजीबागच्या वाळूत त्याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तेव्हा कुंपण घातलेल्या जागेला वळसा घालून चालायचं.