शहर वाढलं की जुना बायपास रुंद करावा, की बाहेरून नवा रिंग रोड काढावा?

तुम्ही विचारलंय की पुण्यासारख्या शहराने जुना बायपास रुंद करण्यावर पैसे घालावेत की लांबून नवा रिंग रोड बांधावा, आणि बांधला तर कोंडी खरंच कमी होईल का. वाहतूक पाहणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि राहतोही वारज्यात, बायपासला लागून. म्हणून पुण्यापुरतंच सांगतो. नवा रिंग रोड हवाच. पण त्यावर आत-बाहेर करायला जागोजागी वाटा फोडू दिल्या, तर त्याचाही कात्रज–देहूरोड बायपास व्हायला वेळ लागणार नाही.

हा बायपास काढला तो मुंबई–बंगळूर महामार्गावरचे ट्रक गावात शिरू नयेत म्हणून. तेव्हा नऱ्हे, बावधन, बाणेर, वाकड ही खरोखरच गावं होती. मग हिंजवडीला आयटी पार्क आलं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याची बरीचशी वाहनं किवळ्याला याच रस्त्यावर उतरू लागली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या, मंगल कार्यालयं, शोरूम, हॉटेलं उभी राहिली आणि प्रत्येकाला महामार्गावर यायला वाट हवी होती. आज तो बायपास शहराच्या मधोमध आहे.

आमच्या पाहणीत गाड्या थांबवून चालकाला दोनच गोष्टी विचारायच्या असतात: कुठून आलात आणि कुठे चाललात. या रस्त्यावर साधारण तीन तऱ्हांची उत्तरं मिळतात. एक, कोल्हापूर-साताऱ्याकडून थेट मुंबईला जाणारा. दुसरा, बाहेरून येऊन पुण्यातच थांबणारा. तिसरा, वारज्याहून बाणेरला किंवा सिंहगड रोडवरून हिंजवडीला कामाला जाणारा. नवा रिंग रोड यातल्या पहिल्याला उचलतो. दुसऱ्याची थोडीफार सोय होते. तिसरा मात्र जिथे आहे तिथेच राहतो, कारण घरापासून ऑफिसला जायला कुणी वीस-पंचवीस किलोमीटरचा वळसा घालत नाही. ‘रिंग रोड झाला की कोंडी संपेल’ असं कुणी म्हणालं, तर यातल्या कोणत्या गाडीबद्दल बोलताय, एवढं जरूर विचारा.

रुंदीकरणाचा फायदा मी नाकारत नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, २०२३ मध्ये नवी रचना सुरू झाली आणि तिथला रोजचा त्रास नक्कीच हलका झाला. पण नुसत्या लेन वाढवल्या की थोड्याच दिवसांत त्या भरतात. पूर्वी वेळ बदलून किंवा आडवाटेने जाणारे लोक पुन्हा तिकडेच वळतात. शिवाय महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या सेवा रस्त्यावरून आत शिरणारी गाडी उजवीकडे सरकत असते, बाहेर पडणारी डावीकडे येत असते. दोघी एकमेकींना छेदतात आणि मागची सगळी रांग मंदावते. अशा दोन वाटांत काही शे मीटरचंच अंतर असेल, तर वाढवलेली लेन या आडव्या-तिडव्या हालचालीतच खर्ची पडते. सेवा रस्ताही सलग नसतो. मध्ये नदी, ओढा किंवा ताब्यात न आलेली जमीन लागली की तो तुटतो आणि दूध आणायला निघालेला दुचाकीवाला मल्टिॲक्सल ट्रकच्या शेजारी येऊन पडतो.

याची सर्वांत भयंकर किंमत नवले पुलापाशी मोजली जाते. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होतात आणि खाली नेमकी शहरातली गर्दी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात कितीतरी गाड्या सापडल्या. वेगमर्यादा, रम्बलर (वेग कमी करायला लावणारे उंचवट्यांचे आडवे पट्टे), कॅमेरे हे सगळं करायलाच हवं. पण भरलेला ट्रक आणि मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई एकाच उतारावर असायलाच नकोत. रस्ते विकास महामंडळाच्या रिंग रोडचा पश्चिम भाग भोर तालुक्यातल्या वरवे गावापासून द्रुतगती मार्गावरच्या उर्से गावापर्यंत आखला आहे. म्हणजे साताऱ्याकडून येणारा मुंबईचा ट्रक कात्रजच्या डोंगराअलीकडेच वळेल. माझ्या लेखी हा रस्ता बांधण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

इतर शहरांकडे थोडं पाहा. बंगळूरचा आउटर रिंग रोड नव्वदच्या दशकात ट्रक बाहेर ठेवायला बांधायला घेतला. पुढे मारतहळ्ळीच्या पट्ट्यात कंपन्यांची संकुलं त्याच्या अंगाला चिकटून उभी राहिली आणि तो देशातल्या सर्वांत तुंबलेल्या रस्त्यांमध्ये जाऊन बसला. हैदराबादचा १५८ किलोमीटरचा रस्ता मात्र अजून वेगाने वाहतो. तिथे आत-बाहेर व्हायला मोजकेच इंटरचेंज आहेत, मुख्य रस्ता बंदिस्त आहे आणि स्थानिकांसाठी बाजूने वेगळा सेवा रस्ता आहे. पुण्याने हेच उचलावं.

आता जमिनीचं. पुण्याचा रिंग रोड सुमारे १७० किलोमीटरचा आणि ११० मीटर रुंद आहे, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ११ हेक्टर, सत्तावीस एकर जमीन लागते. १९९७ च्या प्रादेशिक आराखड्यात रिंग रोड होता. तेव्हाच जमीन ताब्यात घेतली असती तर किती स्वस्तात पडली असती! मधल्या काळात आखणी बदलत राहिली, गुंठेवारी झाली, घरं उभी राहिली. मावळ, मुळशी, हवेली, पुरंदर, खेडमधल्या कित्येक कुटुंबांनी सातबाऱ्यावर टांगती तलवार घेऊन दिवस काढले. ना धड विहीर खणता येते, ना घर वाढवता येतं. संमतीने जमीन देणाऱ्याला २५ टक्के जादा मोबदला ठेवला, हे चांगलंच आहे. पण ज्याच्या शेताचे दोन तुकडे होतात, त्याला पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर न्यायला भुयारी वाट हवी आणि पाइपलाइनसाठी मोरी हवी. हे नकाशातच हवं, नंतर मागून मिळत नाही.

बायपासवरच्या त्या तिसऱ्या प्रवाशाला वेगळा उपाय लागतो: सेवा रस्त्याचे तुटलेले तुकडे आणि नदीवरचे पूल आधी जोडा, त्यावरून वारजे–बाणेर–वाकड भरपूर बस सोडा आणि शहरातून त्या बाजूला जाणारे विकास आराखड्यातले रस्ते पूर्ण करा. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) ६५ मीटर रुंदीचा आतला रिंग रोड झाला तर त्यालाही थोडा हातभार लागेल.

तुमच्या भागाच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या, तर लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: प्रत्येक इंटरचेंजची जागा, सेवा रस्ता कुठून कुठपर्यंत सलग आहे याचा नकाशा, आणि रस्त्याकडेच्या बांधकामांना मुख्य रस्त्यावर थेट वाट मिळणार नाही अशी स्पष्ट अट. अर्जाची पोचपावती घ्यायला विसरू नका, सुनावणीला तीच लागते.