वाचकांचे प्रश्न : ‘मास इफेक्ट २’ खेळताना

मागील अंकात या सदरात ‘मास इफेक्ट’ या विज्ञानकाल्पनिक रोल प्लेइंग (खेळाडूने भूमिका वठवायच्या) गेमच्या मालिकेचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे तिच्या दुसऱ्या भागाविषयीच आहेत, म्हणून या वेळी सारी जागा त्यालाच दिली आहे. मालिका ठाऊक नसणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, ती कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने तयार केली. पहिला भाग नोव्हेंबर २००७ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये. तिन्ही भागांची डागडुजी केलेली एकत्रित ‘लेजंडरी एडिशन’ मे २०२१ मध्ये आली आणि आपल्यापैकी बहुतेक जण आता तीच खेळतात. ज्यांना कथानक आधी कळलेले चालत नाही, त्यांनी गेम संपवूनच पुढे वाचावे.

प्रश्न : मित्रांच्या मते दुसरा भाग सर्वांत सरस आहे आणि पहिला संथ. परीक्षा तोंडावर असल्यामुळे वेळही कमी आहे. थेट दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तर काय बिघडेल?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : गेम सुरू होण्यात काहीच अडचण येणार नाही. उलट दुसऱ्या भागाचा आरंभच असा आहे की, नवख्या माणसालाही धरून ठेवावे. पहिल्या काही मिनिटांतच कमांडर शेपर्डचे यान नष्ट होते, शेपर्ड मरतो (किंवा मरते, कारण नायक स्त्री असावा की पुरुष हे आपणच ठरवायचे असते) आणि दोन वर्षांनी सर्बेरस नावाची संशयास्पद संघटना त्याला पुन्हा जिवंत करते. मधली दोन वर्षे शेपर्डलाही ठाऊक नसल्याने त्याला जे समजावून सांगितले जाते, ते नव्या खेळाडूलाही आपोआप समजते.

बिघडते ते वेगळ्याच ठिकाणी. पहिला भाग पूर्ण केलेली सेव्ह फाइल (खेळाची जतन केलेली नोंद) दुसऱ्या भागात आणता येते आणि तुम्ही घेतलेले निर्णय त्या फाइलबरोबर येतात. आपल्याकडे ज्याला पूर्वसंचित म्हणतात, त्याच्या फार जवळ जाणारी ही कल्पना आहे. सेव्ह न आणता खेळ सुरू केला तर संचित कोरे नसते, ते दुसऱ्या कोणी तरी तुमच्या नावावर लिहून ठेवलेले असते. आपसूक गृहीत धरल्या जाणाऱ्या त्या इतिहासात रेक्स हा क्रोगन वंशाचा सोबती आधीच मेलेला असतो आणि आकाशगंगेचा कारभार पाहणारी कौन्सिलही वाचलेली नसते.

रेक्सचेच उदाहरण घेऊ. पहिल्या भागात विर्मायर या ग्रहावर तो शेपर्डवर बंदूक रोखतो, कारण त्याच्या वंशाला जडलेल्या वंध्यत्वावरचा संभाव्य उपाय शेपर्ड नष्ट करायला निघालेला असतो. त्या वेळी त्याची समजूत काढता आली, तर दुसऱ्या भागात तुचांका ग्रहावर तोच उर्डनॉट टोळीचा प्रमुख म्हणून आसनावर बसलेला भेटतो आणि जुन्या मित्राला पाहून उठून पुढे येतो. समजूत काढता आली नसेल, तर त्याच आसनावर त्याचा भाऊ रीव्ह असतो आणि त्याच्या वागण्यात तो ओलावा नसतो. प्रसंग दोन-तीन मिनिटांचाच आहे. पण विर्मायरवर ज्याने घाम गाळला आहे त्याला तो जसा लागतो, तसा इतरांना लागणे शक्य नाही. माझ्या दृष्टीने या भागाची खरी श्रीमंती अशा प्रसंगांतच आहे, बंदुकांमध्ये नाही.

वेळ खरोखरच नसेल, तर ‘जेनेसिस’ नावाची चित्रकथा उपयोगी पडेल. दुसऱ्या भागाच्या आरंभी ती पाहता येते आणि पहिल्या भागातले मोजके मोठे निर्णय तिच्यातच घेता येतात. मात्र पुस्तक न वाचता गाईडवर परीक्षा देण्यासारखे ते होईल. केवळ मुख्य कथानक धरले तर पहिला भाग वीसएक तासांत संपतो. परीक्षा झाल्यावर तेवढे तास काढावेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कुणा मित्राकडची २००७ च्या मूळ आवृत्तीतली सेव्ह ‘लेजंडरी एडिशन’मध्ये चालत नाही, तेव्हा तो खटाटोप करू नये.

प्रश्न : शेवटच्या मोहिमेत माझे निम्मे सोबती गेले. हवेच्या नळीतून जायला जेकब स्वतःहून तयार झाला म्हणून त्याला पाठवले, तो मेला. कीटकांपासून बचाव करण्यासाठी मिरांडा पुढे आली, तर माझ्यासोबत असलेल्या थेनला कीटकांनी उचलून नेले. शेवटी मागे थांबलेल्यांपैकी मॉर्डिन आणि टॅली गेले. यानावरचे निम्मे कर्मचारीही वाचले नाहीत. हे नशिबावर असते का?
— एक नोकरदार वाचक, परळ

उत्तर : नशिबाचा यात अजिबात संबंध नाही. तुमचे पत्र वाचताना मला माझीच पहिली खेळी आठवली, कारण तुम्ही केलेली जवळपास प्रत्येक चूक मीही केली होती. या मोहिमेला गेममध्येच आत्मघातकी मोहीम म्हटले जाते. तिच्यात सगळे वाचू शकतात आणि शेपर्डसकट सगळे मरूही शकतात, आणि यांपैकी काय होणार हे बरेचसे मोहिमेआधीच ठरलेले असते.

पहिला हिशेब यानाचा. नॉर्मंडीचे चिलखत, ढाल आणि तोफ या तिन्ही सुधारणा झालेल्या नसतील, तर ओमेगा-४ रिले हे शत्रूच्या तळाकडे नेणारे अवकाशद्वार ओलांडताच प्रत्येक उणिवेपोटी एकेक सोबती दगावतो. सुधारणांसाठी पॅलॅडियम, प्लॅटिनम ही खनिजे लागतात आणि ती ग्रहांवर शोधक फिरवून मिळवावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, यात दुमत नाही. प्रवासात गाडीची वाट पाहताना करायचे काम समजून ते थोडे थोडे उरकावे.

दुसरा हिशेब निष्ठेचा. प्रत्येक सोबत्याचे एक खाजगी दुखणे असते आणि ते सोडवणारी स्वतंत्र मोहीम असते. ती केली की तो मनाने तुमचा होतो, आणि न केल्यास ऐन वेळी त्याचे लक्ष विचलित होऊन तो जिवाला मुकण्याची शक्यता वाढते. मिरांडा आणि जॅक, तसेच टॅली आणि लीजन यांच्यात पुढे भांडणे होतात. ती दोघांनाही न दुखावता मिटवायची असतील तर शेपर्डचे पॅरागॉन किंवा रेनेगेड गुण भरपूर लागतात. म्हणून आरंभापासून सौम्यपणा किंवा कठोरपणा यांपैकी एकच वाट धरलेली बरी, कारण थोडे इकडचे आणि थोडे तिकडचे करणाऱ्याचे शब्द भांडणाच्या वेळी तोकडे पडतात.

तिसरा हिशेब नेमणुकांचा, आणि तुमची गाडी तिथेच रुळावरून घसरली. हा प्रसंग रचणाऱ्यांनी एक मार्मिक खोच ठेवली आहे. जो स्वतःहून पुढे येतो, तो त्या कामाला योग्य असतोच असे नाही. जेकब हा शूर सैनिक आहे, पण नळीतले काम यंत्रतज्ज्ञाचे आहे, तिथे टॅली, लीजन किंवा कासुमी हवी. मिरांडाकडे बायोटिक शक्ती (नुसत्या मनाने वस्तू फेकण्याची, कवच उभारण्याची) आहे खरी, परंतु कीटकांचे थवे थोपवण्याइतकी ताकद जॅक किंवा समारा यांच्यातच आहे. दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व गॅरस, मिरांडा किंवा जेकब यांच्याकडे द्यावे. तिथे चुकीचा माणूस नेमला, तर नळीतला तज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी मरतो. या माणसांशी यानावर निवांत गप्पा मारलेल्या असतील, तर कोण कशात तरबेज आहे हे आपोआप कळलेले असते. मार्गदर्शक पुस्तिकेची गरज पडत नाही.

मॉर्डिन आणि टॅली का गेले, हे सहजी ध्यानात येत नाही. शेपर्ड शेवटच्या लढाईला दोघांना घेऊन जातो, तेव्हा मागे उरलेले दार राखतात आणि त्यांच्या एकत्रित बळाची सरासरी पाहिली जाते. ग्रंट, गॅरस आणि झाईद हे तिथले भक्कम खांब आहेत. मॉर्डिन, टॅली, जॅक आणि कासुमी हे दुबळे दुवे. आपण साहजिकच सर्वांत बलवान सोबत्यांना स्वतःबरोबर नेतो आणि दुबळ्यांना मागे ठेवतो, तोच नेमका घात. एकनिष्ठ मॉर्डिनला सुटका झालेल्या कर्मचाऱ्यांसोबत यानाकडे परत पाठवावे, टॅली किंवा जॅक यांना आपल्याबरोबर घ्यावे आणि दांडग्यांना दारावर ठेवावे.

कर्मचाऱ्यांविषयी बोलायचे, तर त्यांचे अपहरण झाल्यावर तुम्ही आणखी काही मोहिमा करत बसला असणार. लगेच निघालात तर सगळे वाचतात, थोडा उशीर केला तर निम्मे जातात आणि फारच रेंगाळलात तर डॉक्टर चाकवासखेरीज कोणीही उरत नाही. एरवी खेळाडूसाठी जगबुडी खोळंबून राहते, अशी या प्रकारच्या गेमची सवय आहे. इथे ती मोडली, म्हणून इतक्यांना चटका बसतो. रीपर आयएफएफ (रिले सुखरूप ओलांडू देणारे ओळख-यंत्र) आणण्याच्या मोहिमेनंतर अपहरणाला फार वेळ लागत नाही. त्यामुळे लीजन वगळता बाकीच्यांच्या निष्ठेच्या मोहिमा तिच्याआधीच संपवाव्यात, लीजन हा यंत्रमानव त्याच मोहिमेत हाती लागतो, त्याला लगेच सुरू करून त्याचे काम आधी हातावेगळे करावे आणि रिलेपूर्वीची एक सेव्ह निराळी जपून ठेवावी.

प्रश्न : मी निवृत्त आहे आणि पहिला भाग दोनदा खेळलो आहे. दुसऱ्या भागात सामानाची थैली नाही, माको गाडी नाही, कौशल्येही मोजकीच. बंदुका तापून थंड होत असत, आता काडतुसे गोळा करावी लागतात. याला रोल प्लेइंग का म्हणावे?
— ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि ती २०१० पासून अनेकांनी केलेली आहे. काडतुसांबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. मधल्या दोन वर्षांत साऱ्या आकाशगंगेने एकाच वेळी शस्त्रांची रीत बदलली, हे स्पष्टीकरण ओढूनताणून दिलेले आहे. माकोतून ओसाड ग्रहांवर भटकताना अवकाश अफाट असल्याचे जे भान येत असे, तेही दुसऱ्या भागाने घालवले. थैलीबद्दल मात्र दुःख करण्याचे कारण मला दिसत नाही. दीडशे नग भरले की जुन्या बंदुका वितळवत बसण्यात भूमिका कसली?

लढाईत मात्र एक सुधारणा झाली आहे. शत्रूचे संरक्षण कसले आहे हे पाहून उपाय निवडावा लागतो. ढालीला ओव्हरलोड (विजेचा झटका), चिलखताला आग किंवा वॉर्प (बायोटिक मारा), बायोटिक कवचालाही वॉर्प. म्हणजे सोबत कोणाला न्यायचे याचा विचार मोहिमेआधीच होतो. भूमिका वठवणे ते हेच, असे मला वाटते. आकड्यांचे तक्ते कमी झाले, पण कोणावर विसंबायचे हे ठरवण्याची जबाबदारी वाढली. मॉर्डिनच्या निष्ठेच्या मोहिमेत त्याचा जुना शिष्य मेलन याच्या क्रूर प्रयोगांतून आलेले, क्रोगनांच्या वंध्यत्वावरच्या उपायाचे संशोधन जपायचे की नष्ट करायचे, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर तिसऱ्या भागात एका जिवावर बेतू शकते, आणि थैलीतली कोणतीही वस्तू तिथे कामाला येत नाही.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा हा गेम मागतो आहे. विज्ञानाचा आहे म्हणतो. द्यावा का?
— पालक, मुलुंड

उत्तर : देऊ नये. अमेरिकेतील वर्गीकरणानुसार हा गेम १७ वर्षे व त्यापुढील वयासाठी आहे. हिंसा आहे, शिवराळ भाषा आहे, प्रेमप्रसंगही आहेत. विज्ञान आहे ते पार्श्वभूमीपुरते. चार वर्षांनी त्याला जरूर द्यावा, गेम तोवर कुठे पळून जात नाही.

प्रश्न : संगणकावर किती जागा लागेल?
— वाचक, गोरेगाव

उत्तर : तिन्ही भागांच्या एकत्रित आवृत्तीसाठी १२० जीबी. लॅमिंग्टन रोडवर (भडकमकर मार्ग म्हणून विचारलेत तर दुकानदार क्षणभर गोंधळतो) एसएसडी घ्यायला जाणारच असाल, तर याच्या दुप्पट तरी घ्यावी.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी वाचता येते, पण ऐकताना संवाद निसटतात. मराठी किंवा हिंदी उपशीर्षके आहेत का?
— वाचक, दादर

उत्तर : दोन्ही नाहीत, पण इंग्रजी उपशीर्षके आहेत, ती आधी सुरू करावीत. संवादचक्र (उत्तरांचे पर्याय दाखवणारे वर्तुळ) समोर आल्यावर गेम तुमच्या निवडीसाठी हवा तितका वेळ थांबतो, तेव्हा शब्दकोश उघडून बसलात तरी बिघडत नाही. अपवाद एकच. संवाद सुरू असताना मध्येच निळी किंवा लाल खूण चमकते, तिचे बटण काही क्षणांतच दाबावे लागते. निळी खूण साधारणतः दयेची आणि लाल दांडगाईची. चक्राच्या उजवीकडे वर सौम्य उत्तरे असतात, खाली कठोर. डावीकडून अधिक चौकशी करता येते आणि मन वळवणारी रंगीत उत्तरेही डावीकडेच असतात. चक्रावर लिहिलेले शब्द आणि शेपर्ड प्रत्यक्षात बोलतो ते वाक्य एकसारखे नसते, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही फसगत होते. कोडेक्स या गेममधल्या माहितीकोशातल्या मुख्य नोंदी वाचून दाखवल्या जातात. रोज दोन नोंदी डोळ्यांनी वाचत ऐकल्या, तर क्रोगन, सलारियन, क्वारियन ही वंशांची नावे आठवडाभरात कानाला सवयीची होतील.