चिमणरावाआधीचे प्रभावळकर

प्रश्न : दिलीप प्रभावळकर हे नोकरी करता करता थेट दूरदर्शनवर आले आणि ‘चिमणराव’ म्हणून एकदम गाजले, असे आमच्या घरी सांगतात. हे खरे आहे का? ती मालिका आज पाहता येईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नोकरीची गोष्ट खरी आहे, ‘थेट’ आणि ‘एकदम’ हे शब्द मात्र मान्य करता येत नाहीत. ४ ऑगस्ट १९४४ रोजी जन्मलेल्या प्रभावळकरांनी औषधनिर्मिती कंपनीत नोकरी केली, पण त्याच काळात ते मुंबईच्या प्रायोगिक आणि बालरंगभूमीवर कसून काम करत होते. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये त्यांनी चेटकीण रंगवली आणि त्याच लेखकाच्या ‘आरण्यक’मध्ये विदुर. बालप्रेक्षक भिडस्त नसतो. कंटाळला की तो तिथल्या तिथे चुळबुळ करू लागतो. अशा प्रेक्षकांना आवाजाच्या चढउतारांनी आणि चालण्याच्या लकबीने धरून ठेवणारा नट महाभारतातल्या वृद्ध विदुराचा संयमही पेलतो, ही त्यांची खरी पूर्वतयारी होती, असे मला वाटते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिका तेथून प्रसारित झाली आणि प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले. पुस्तकातून वाचकांच्या ओळखीचा झालेला भिडस्त, गोंधळलेला चिमणराव पडद्यावर उभा करणे जोखमीचे होते, कारण प्रत्येकाच्या मनात त्याचे चित्र आधीच तयार होते. तरीही पुढे अनेकांना तो याच चेहऱ्याने आठवू लागला.

त्या यशाच्या साच्यात ते अडकले नाहीत, याचे मला अधिक कौतुक वाटते. स्वतःच लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. ‘लोकसत्ता’तील त्यांच्या ‘अनुदिनी’ या सदरावरून २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. केदार शिंदे दिग्दर्शित या मालिकेत आबा टिपरेही तेच होते.

‘चिमणराव’चे मात्र मोजकेच भाग उरले आहेत. त्या काळी टेपा महाग असल्यामुळे जुन्या कार्यक्रमांवरच नवे चित्रीकरण करण्याची पद्धत होती, आणि तिचा फटका दूरदर्शनच्या अनेक उत्तम कार्यक्रमांना बसला. ‘टिपरे’चे भाग मात्र इंटरनेटवर सापडतील, तिथून सुरुवात करावी.