पेढे नंतर, अर्ज आधी

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू झोपाळ्यावर बसलीस, शेवउसळीची वाटी पुढे आली तसं तोंड फिरवलंस, आणि मला कळलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नववा आठवडा, कॉलेजात कुणाला पत्ता नाही, सासूबाई म्हणतात तीन महिने भरेपर्यंत बोलायचं नाही, आणि एक तारखेपासून ऑर्थोच्या ओटीत, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरात, भूल द्यायचं पोस्टिंग. तिथे सतत एक्स-रे चालू. ‘मावशी, तीन-चार आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. चालशे ना?’ हे ‘चालशे’ आपण बडोद्याच्या मराठी माणसांनी फार लवकर उचललं. तू रडवेली होतीस, म्हणून दांडिया बाजारातून रिक्षात बसवताना मी वाद घातला नाही. आता घालते. नाही चालणार.

सासूबाईंचं चुकत नाही. गर्भ पडण्याची भीती पहिल्या तीन महिन्यांतच जास्त, तेव्हा बोभाटा नको, यात शहाणपण आहे. पण तुझा नववा म्हणजे गर्भधारणेपासून सातवा. बाळाचे अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, हे तू एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी घोकलं आहेस. म्हणजे ज्या दिवसांत जपायचं, नेमके तेच दिवस आपण गप्प बसतो. पेढे चौथ्या महिन्यात वाट, कोण नको म्हणतंय? पण विभागाला आजच लिहून दे.

तोंडी नाही. सरांना व्हॉट्सॲप नाही. लिहून दे.

अणुऊर्जा नियामक मंडळाची किरणांच्या डोसाची मर्यादा तुला पाठ असेल. गरोदरपण नक्की झाल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. पण तुझं नक्की झालंय हे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला काय स्वप्नात कळणार? म्हणून तर कळवायची जबाबदारी नियमानं बाईवरच टाकली आहे. तुला घाबरवत नाही. सी-आर्मपासून, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रापासून, दोन मीटरवर, शिशाचा धड एप्रन घालून उभी राहिलीस तर सहसा एवढा डोस भरत नाही. एका मीटरवरून दोनवर गेलीस की तो साधारण चौथाईवर येतो. गोची आपल्या कामात आहे. सर्जन तोंड समोर करून उभा असतो. आपण औषध भरायला वळतो, मॉनिटरकडे वळतो, आणि पुढून बांधलेल्या एप्रनची उघडी पाठ यंत्राकडे होते. चणिया-चोळीसारखा दोन तुकड्यांचा, मागूनही झाकणारा एप्रन माग. पोटापाशी लावायला डोस मोजणारा दुसरा बॅजही माग. आणि बॅज कपाटात लटकवून ठेवू नकोस. त्याचा आकडा तीन महिन्यांनी येतो, तो काही तुला वाचवत नाही, नुसता हिशेब ठेवतो.

भुलीच्या वायूंचं मात्र मी मनातून लिहिते. 1984 साली एका हॉस्पिटलात भूल देणारी मी एकटीच बाई होते. हॅलोथेनचे दिवस. जादा वायू बाहेर नेणारी नळी यंत्राला लावलेली होती, पण तिचं दुसरं टोक टेबलाखाली जमिनीवर पडलेलं. म्हणजे सगळं आमच्याच पायाशी सोडायचं. रात्री अंबाडा सोडला की उशीला तो गोडसर वास यायचा. मला तिसरा लागला होता. सरला की सांगू, असं ठरवलं होतं. अकराव्या आठवड्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही.

वायूनंच झालं असं मी म्हणत नाही. कितीतरी गर्भ गुणसूत्रांच्या दोषानं पडतात, आणि माझ्या बाबतीत कारण कुणालाच कळलं नाही. पण अर्ज दिला असता तर नळी निदान खिडकीबाहेर गेली असती. चौथ्या दिवशी मी पुन्हा ओटीत उभी होते. आज कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा आहे. पण कुणाला न सांगितलेला गर्भ पडला तर रजा मागणार कशाची?

आता बहुतेक ठिकाणी हॅलोथेन जाऊन सेव्होफ्लुरेनसारखे नवे वायू आले, यंत्रंही सुधारली. तरी लहान मुलांना मास्कनं झोपवताना बाजूनं निसटलेला वायू आपल्याच नाकात जातो. ती नळी कुठे जाते, हे ओटीत शिरल्यावर आधी वाकून बघ.

हेही सांगून टाकते. पुढे मी विभाग चालवत असताना सात महिन्यांच्या एका गरोदर मुलीला लागोपाठ रात्रपाळ्या लावल्या. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. दिसत होतं का? दिसत होतं की. पण दोघं रजेवर, कुणाचं तरी नाव लिहायचंच होतं, आणि मनात एक किडा होता : मी सोसलं, हिला काय झालं? तिचा कागद समोर असता तर माझा हात अडला असता. पटत नाही ना? मलाही पुरतं पटत नाही. पण रोस्टर लिहिणारा माणूस दुष्ट असावा लागत नाही गं, थकलेला असला तरी पुरतो.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्याचं चौथं कलम होतं, ते आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय. तिचं मातृत्व लाभाचं प्रकरण वाच. बाळंतपणाआधीचे सहा आठवडे धर, त्यांच्या आधीच्या महिन्यात कष्टाचं, तासन्‌तास उभं राहायचं काम देऊ नये म्हणतात. पण केव्हा, तर तिनं विनंती केल्यास. ऑफिसवाले म्हणतील, रेसिडेंट म्हणजे विद्यार्थी, तुम्हाला लागू नाही. म्हणू देत. लेखी म्हणू देत.

‘सर नाराज होतील, केसेस कमी मिळतील.’ मिळू देत कमी! तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत सात महिने सी-आर्म चुकला म्हणून कुणी भूल द्यायची विसरत नाही. याच भीतीनं मी गप्प बसले होते, आणि नाराज व्हायचे ते सर तरीही नाराजच राहिले.

रुबेला आणि कांजिण्यांची अँटिबॉडी तपासून घे. लस आता नाही घेता येणार, दोन्ही जिवंत लसी. कांजिण्यांचा पेशंट समोर आला तर त्याच दिवशी सांग, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, द्यायला दहाच दिवस हातात असतात.

अर्जाच्या तीन प्रती कर, एक विभागप्रमुखांना, एक सेफ्टी ऑफिसरला, आणि तुझ्या तिसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे. क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, बेन.’ ठेवून येऊ नकोस.

येत्या रविवारी ये. शेवउसळ करत नाही, मऊभात आणि मेतकूट करते. प्रत पर्समधून आण. आवक क्रमांक मी चष्मा लावून वाचणार आहे.

तुझी,
मावशी