क्षेत्रभेटीऐवजी नदीचा व्हिडिओ दाखवून अहवाल लिहून घेतला तर चालेल का?

नाही. चालणार नाही.

तुम्ही विचारलंय की नववी-दहावीला नव्यानेच भूगोल शिकवायला लागलात, साधनांसाठी थोडी रक्कम मिळाली आहे, तर काय घ्यावं. आणि साठ मुलांना बाहेर नेणं जमण्यासारखं नाही, तेव्हा क्षेत्रभेटीऐवजी वर्गातच नदीचा व्हिडिओ दाखवून अहवाल लिहून घेतला तर चालेल का. साधनांचं पुढे सांगते. पण ‘अहवाल लिहून घेतला तर’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच शब्द मी आमच्या शिक्षकखोलीत ऐकले होते, आणि त्यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझं बिनसलं ते कायमचं.

मी २७ वर्षं भूगोल शिकवला. त्यातल्या एका वर्षाची ही गोष्ट आहे.

शाळेपासून चालत वीस मिनिटांवर एक ओढा होता आणि त्याला एक छान नागमोडी वळण होतं. पुस्तकात काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे: वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त, तिथे खनन, म्हणून पात्र खोल, आतल्या बाजूला वेग कमी, तिथे संचयन, म्हणून उथळ. फळ्यावर आकृती काढून झाली होती, मुलांना ती पाठही होती. म्हटलं, आता मोजून बघू. नववीची ३६ मुलं, सहा गट. एक मोजफीत, दोन दोऱ्या, दोन मीटरपट्ट्या, एक घड्याळ, वाळक्या काटक्या आणि वह्या. बाकी काही नाही.

पात्र सहा मीटर रुंद भरलं. या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणली आणि तिच्यावर दर ५० सेंटिमीटरला गाठ मारली. प्रत्येक गाठीखाली खोली मोजायची. पहिली पाच मिनिटं तर मीटरपट्टी धरायला शिकण्यातच गेली. पट्टी रुंद बाजूने प्रवाहासमोर धरली की पाणी तिच्यावर चढतं आणि एक-दोन सेंटिमीटर जास्तच दिसतं. ती कडेने, प्रवाहाला चिरेल अशी धरायची. हे मी सांगितलं नव्हतं. दोन गटांचे आकडे जुळेनात तेव्हा मुलांनीच वाकून वाकून पाहिलं आणि शोधून काढलं.

वेगासाठी दहा मीटर अंतर आखून काटक्या सोडल्या. पाच वेळा. २४ सेकंद, २६, २३, ४१, २५. चौथी काटकी काठच्या गवतात अडकली होती. एक मुलगा ४१ खोडायला निघाला. मी त्याचा हात धरला. खोडायचं नाही, आकडा राहू दे, शेजारी ‘गवतात अडकली’ असं लिही आणि सरासरीत धरू नकोस. उरलेल्या चारांची सरासरी साडेचोवीस. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण ०.४१ मीटर. तळाशी आणि काठाला पाणी घासून मंद होतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं, ०.३५ येतो. सरासरी खोली ३० सेंटिमीटर, रुंदी सहा मीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी, ०.६३ घनमीटर, म्हणजे ६३० लिटर. आमचा वर्ग आठ बाय सहाचा, तीन मीटर उंच. एकीने तिथेच हिशेब केला: हा ओढा आमचा वर्ग चार मिनिटांच्या आत भरेल. ‘विसर्ग’ हा शब्द त्यानंतर त्या वर्गात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मग वळणावर आलो. पाण्यात एक मुलगी उभी होती, हळू बोलणारी, वर्गात कधी हात वर न करणारी. ती म्हणाली, “बाई, आतल्या बाजूला ४२ येतंय.” बाहेरच्या बाजूला किती? १८. मी म्हटलं पुन्हा मोज. तिने पुन्हा मोजलं. ४१. पुन्हा. ४२. अगदी पुस्तकाच्या उलट. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली आणि एकाने विचारलं, “बाई, पुस्तक चुकलंय की आपण?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि ते बरंच झालं. मी एवढंच म्हटलं की पट्टी नीट धरली आहे हे मी बघितलंय, आता या जागेत वेगळं काय आहे ते शोधा. वीस मिनिटं गेली. आतल्या काठावर चढलेल्या मुलांना पाण्यात उतरत गेलेला एक खड्डा दिसला. त्याच्या कडा सरळ होत्या, वर फावड्याचे व्रण होते. कुणीतरी वाळू उपसून नेली होती. बाहेरच्या काठाचं कोडं त्याच मुलीने सोडवलं. ती दोन्ही हातांत दोन दगड घेऊन आली. एक ओढ्यातला गोटा, गुळगुळीत, कुठेही टोक नाही. दुसरा बाहेरच्या काठाखालचा, धारदार, करंगळीला टोचेल असा. म्हणाली, “हे ओढ्याने आणलेले नाहीत, बाई. ओढ्याने आणले असते तर घासून गोल झाले असते. हे कुणीतरी काठ वाचवायला टाकलेत.” खरंच, काठाखाली असे दगड ओळीने पडले होते आणि त्यांनीच पात्र उथळ केलं होतं.

वहन, घर्षण, मानवी हस्तक्षेप, तीन पाठ तिच्या दोन हातांत होते.

अहवाल मुलांनी लिहिला, आकडे जसे आले तसे, खाली कारणं. शाळेच्या प्रदर्शनात तो लावायचा होता आणि प्रदर्शनाची जबाबदारी त्या ज्येष्ठ सरांकडे होती. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी तक्त्यासमोर आले तर ती मुलगी आधीच उभी होती. तक्त्यावर आतली बाजू १८, बाहेरची ४२. रकान्यांची अदलाबदल झाली होती आणि कारणांचा परिच्छेद गायब होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सरांना मी तिथेच गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, परीक्षक पुस्तकाप्रमाणे बघणार. उलटे आकडे दिसले तर पोरांना मोजता येत नाही असंच म्हणणार. दोन आकडे इकडचे तिकडे केले तर काय आभाळ कोसळलं?” आणि वर, “एवढं ओढ्यावर जायची तरी काय गरज होती? चित्रफीत दाखवायची, अहवाल लिहून घ्यायचा. पोर्शनही झाला असता.”

तुमचा प्रश्न नेमका तिथे येऊन लागला.

व्हिडिओ मीही दाखवते, भरपूर. पेरूमधल्या उकायाली नदीची उपग्रहचित्रं एकापुढे एक ठेवून बघा, वळणं कशी सरकतात आणि जुन्या वळणाचं घोड्याच्या नालेसारखं नालाकृती सरोवर कसं तुटून बाजूला पडतं ते मिनिटभरात दिसतं. पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांचा साठा आहे आणि २००८ पासून तो सगळ्यांना फुकट खुला आहे. ओढ्याकाठी तुम्ही वर्षभर बसलात तरी हे दिसणार नाही. पण व्हिडिओतली नदी नेहमी पुस्तकाप्रमाणेच वागते, कारण जी वागते तीच निवडलेली असते. तिथे “पुस्तक चुकलंय की आपण?” हा प्रश्न कुणाला पडूच शकत नाही. आणि व्हिडिओ बघून मुलं जो ‘अहवाल’ लिहितात त्यात निरीक्षण कुणाचं असतं? न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायला आपण शिकवतो. माझा राग त्यावर आहे.

आता साधनं. मोठा पृथ्वीगोल घ्या, दोन-तीन मुलांचे हात एकदम लागतील एवढा. भिंतीवरचा जगाचा नकाशा मर्केटरच्या १५६९ च्या प्रक्षेपणावरचा (म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या त्याच्या पद्धतीचा) असेल तर त्यावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी आहे. गोल शेजारी ठेवला की हे सांगावं लागत नाही. आपल्याच परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा मिळवा, चौघांत एक तरी प्रत हवी. एक तीस मीटरची मोजफीत, चार होकायंत्रं, दोन साधे तापमापक. एका तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळलं की आर्द्रता शिकवता येते. पर्जन्यमापक विकत घेऊ नका, सरळ भिंतींची बाटली घ्या. फक्त नरसाळ्याचं तोंड आणि बाटली सारख्याच रुंदीची असू द्या, नाहीतर मिलिमीटर फुगून येतात. उताराचा कोन मोजायला कोनमापक, दोरा आणि ओळंबा पुरतो.

प्लॅस्टिकची तयार उठावाची मॉडेलं मात्र अजिबात घेऊ नका. ती कपाटावर धूळ खातात. समोच्चरेषांसाठी, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांसाठी, बादलीत चिकणमातीचा डोंगर करा, दोन-दोन सेंटिमीटर पाणी चढवा आणि दर वेळी पाण्याच्या कडेने काडीने रेघ ओढा. पाणी काढून वरून बघितलं की नकाशा तयार. तीव्र उताराच्या बाजूला रेषा का दाटतात हे मुलं स्वतः बोटाने दाखवतात.

यात नवं काही नाही. स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दाँला शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझींच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांना आधी दरीत फिरवत, तिथलीच माती आणायला लावत, मग मेजावर तीच दरी मातीत उभी करायला सांगत, आणि ती पूर्ण झाल्यावरच नकाशा दाखवत. कार्ल रिटर १८०७ मध्ये ती शाळा बघायला गेले होते, तेच रिटर जे पुढे बर्लिनला भूगोलाचे प्राध्यापक झाले. आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की त्या शाळेला पोर्शन नव्हता. पोर्शन मलाही होता. तो माझा दर वर्षी पूर्ण झाला, कारण ओढ्यावरच्या एका सकाळीने माझे नदीच्या कार्याचे चार तास वाचायचे.

साठ मुलांचं म्हणाल तर सगळ्यांना एकदम नेऊच नका. वीस-वीसचे तीन फेरे करा, आणि ओढाच हवा असं कुठे आहे? शाळेच्या मैदानात काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली कधी पडते ते बघा. घड्याळातल्या बाराशी ती क्वचितच जुळते, आणि दर एक अंश रेखांशाला चार मिनिटांचा फरक हे गणित मुलांना तिथेच लागू करता येतं. दोन्ही बाजूंनी उघडा डबा एकदा मैदानाच्या तुडवलेल्या मातीत आणि एकदा झाडाखालच्या मातीत रोवा, सारखंच पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. तीही क्षेत्रभेटच आहे. पन्नास मैलांवर बस नेऊन, फोटो काढून परत येणं ही सहल झाली, तिला क्षेत्रभेट म्हणू नका.

पाण्याचं आधीच सांगायला हवं होतं, आता सांगते. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर मुलांना उतरवायचं नाही. वरच्या अंगाला आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जायचंच नाही, इथे आभाळ कितीही निरभ्र असो. खालच्या अंगाला एक मोठं माणूस कायम उभं हवं. आदल्या आठवड्यात स्वतः एकदा जाऊन या. आणि ज्या मुलाला चालायला त्रास होतो त्याला काठावर नोंदी ठेवायला बसवून मोकळे होऊ नका, तो पोचेल अशीच जागा निवडा. तुमच्या परिसरात यातलं काहीच शक्य नसेल, लेखी परवानगी मिळत नसेल, तर व्हिडिओ दाखवा. पण मग त्या लिखाणाला ‘व्हिडिओवरील टिपण’ म्हणा, अहवाल म्हणू नका.

त्या प्रदर्शनानंतर मुलांची मूळ वही मी माझ्या कपाटात ठेवली. पाण्याची पातळी तुलनेला हवी म्हणून मुलांनी ओढ्यातल्या एका खडकावर रंगाची रेघ मारली होती, तिचीही नोंद वहीत होती. पुढच्या दोन वर्षांत तिथला वाळूउपसा थांबला, दोन पावसाळे गेले, आणि मी पुन्हा नववीचा वर्ग घेऊन त्याच वळणावर गेले. खडकावरच्या खुणेशी पातळी जुळवून घेऊन मोजलं: आतली बाजू २४, बाहेरची ३३. काठाखालचे बरेच दगड पुरात वाहून गेले होते. मूळ वहीशेजारी हे आकडे ठेवले तर स्पष्ट दिसत होतं की खड्डा गाळाने भरतोय, बाहेरची बाजू पुन्हा खोल होतेय, ओढा आपलं वळण परत घेतोय. प्रदर्शनातल्या तक्त्याशेजारी तेच आकडे ठेवले तर नेमका उलटा निष्कर्ष निघत होता, की आतली बाजू खोल होतेय आणि बाहेरची भरतेय.

दोन्ही कागद घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले आणि परत दिले, बोलले काहीच नाहीत. ती मुलगी तेव्हा अकरावीला गेली होती. नवे आकडे मी तिला घरी जाऊन दाखवले. तिने आधी खडकावरच्या रेघेचं विचारलं, ती अजून दिसते का म्हणून.