आईचं बीपी उभं करून मोजलंय का?

आई सकाळी अंथरुणातून उठली की डोळ्यांसमोर अंधारी येते आणि दवाखान्यात मात्र बीपी नॉर्मल निघतं, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना बाबांचं आजारपण पुन्हा डोळ्यांसमोर आलं. मी डॉक्टर नाही. जे भोगलं तेवढंच सांगते.

आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथे पाच वेळा बीपी मोजलं, पाचही वेळा खुर्चीत बसवून. "वय झालं की चक्कर यायचीच," म्हणत ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. मग एका रात्री बाबा लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारातच कोसळले. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले.

खरं कारण सापडलं ते दुसऱ्या हॉस्पिटलात. तिथल्या सिस्टरनी त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, मग उभं केलं आणि कोपराला धरून, घड्याळाकडे बघत, एका आणि तीन मिनिटांनी परत घेतलं. आडवे असताना वरचा आकडा १३२, उभं राहिल्यावर ९८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला, तरी ते बीपी पडणंच. पाच फेऱ्यांत कुणालाही ही तीन मिनिटं मिळाली नाहीत, याचा राग अजून जात नाही.

पण मोठी चूक माझी. बाबांना बीपीच्या गोळ्या चालू होत्याच. त्यात प्रोस्टेटसाठी वेगळ्या डॉक्टरांनी टॅमसुलोसिन सुरू केली होती. लघवीच्या गोळीचा बीपीशी काय संबंध, असं वाटून ती फाईल मी कधी नेलीच नाही. डॉक्टरांनी गोळ्या आणि वेळा बदलल्या, तसं पंधरा दिवसांत फरक पडला. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

इथे बऱ्याच जणांनी "मीठ वाढवा" म्हटलंय. माझं स्पष्ट मत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हृदय, किडनी किंवा हाय बीपीचा त्रास असेल तर ते अंगाशी येईल. उठण्याआधी पाय हलवणं, काठावर दोन मिनिटं बसणं आणि पाणी कमी न पडू देणं (पाण्यावर बंधन नसेल तर) यांचा आम्हाला जास्त उपयोग झाला. जेवणानंतर तासा-दोन तासांतही बीपी उतरू शकतं, तेव्हाही जपा.

हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजी याबद्दल विचाराच. वजन घटतंय, कातडी काळवंडतेय असं असेल तर सकाळच्या कॉर्टिसोलबद्दलही (शरीरातल्या एका हार्मोनची रक्ततपासणी). काही त्रास नसताना कायमच ९०/६० च्या आसपास असणाऱ्यांना बहुतेकदा उपचार लागत नाहीत, पण तुमच्या आईंचं तसं नाही. काळी शौच, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर थांबूच नका, थेट हॉस्पिटल.

पुढच्या वेळी जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून न्या. झोपेची, गुडघ्याची, अगदी काचबिंदूचे थेंबसुद्धा. त्यातल्या काही थेंबांनीही बीपी उतरतं.