उबंटूत साठलेल्या जुन्या डेब फायली डिलीट केल्या तर चालतं का, रूट पार्टिशन भरलंय

तुमचा प्रश्न असा की लॅपटॉपवर उबंटू आहे, रूट पार्टिशन (डिस्कचा जो भाग सिस्टिमसाठी असतो तो) भरत आलंय, व्हारमधल्या कॅशे फोल्डरात ढीगभर जुन्या डेब फायली (पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्राम, इन्स्टॉल करायच्या फायली) दिसतायत, त्या सरळ सिलेक्ट करून उडवल्या तर सिस्टिम बसेल का. नाही बसणार, बिनधास्त उडवा. पण त्याने तुमची जागेची बोंब संपेल असं मला वाटत नाही, कारण बहुतेक वेळा जागा खाणारा दुसराच कोणीतरी असतो आणि लोक उगाच त्या डेबच्या मागे लागतात.

(कमांड्स मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन टाइप करा.)

आधी त्या फायलींचं बघू. /व्हार/कॅशे/ॲप्ट/अर्काइव्हज हे ते फोल्डर. ॲप्ट, म्हणजे उबंटूत पॅकेज आणून बसवणारा प्रोग्राम, कुठलंही पॅकेज आधी इथे डाउनलोड करतं, मग त्याच्या हाताखालचं डीपीकेजी ते उघडून आतल्या फायली यूएसआर, ईटीसी वगैरे ठिकाणी नेऊन ठेवतं. त्यानंतर डेबचं काम संपलं. टीव्ही भिंतीवर लागल्यावर माळ्यावर टाकलेलं खोकं असतं ना, तसं ते, खोकं भंगारात दिलं म्हणून टीव्ही बंद पडत नाही. आणि अजून एक गंमत, २०१६ सालच्या उबंटू १६.०४ पासून साधी ॲप्ट कमांड वापरून इन्स्टॉल केलं तर ती डेब आपणहून पुसते. ॲप्ट-गेट ही जुनी कमांड मात्र ठेवते. म्हणजे तुमच्याकडे ढीग जमलाय तो बहुधा ॲप्ट-गेटची सवय असल्यामुळे किंवा बॅकग्राउंडला होणाऱ्या अपडेट्समुळे.

हाताने डिलीट करू नका, त्यात धोका आहे म्हणून नाही, उगाच सुडोने (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) फाइल मॅनेजर उघडायचा आणि शेजारचंच काहीतरी उडवायचं हे टाळावं म्हणून. 'सुडो ॲप्ट क्लीन' दिलं की सगळ्या डेब जातात, फोल्डर आणि लॉक फाइल (एका वेळी एकाच प्रोग्रामने काम करावं यासाठीची) तशीच राहते. डिस्क शंभर टक्के भरलेली असली तरी ही कमांड चालते कारण तिला फक्त पुसायचंच असतं. लॉक दुसऱ्या कोणाकडे आहे असा एरर आला तर मागे ऑटोमॅटिक अपडेट चालू असणार, थोडं थांबा, लॉक फाइल उडवायचा सल्ला नेटवर जिथे तिथे दिसतो तो ऐकू नका.

दुसरी कमांड आहे 'ॲप्ट ऑटोक्लीन', हिच्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. नावावरून वाटतं की ही जरा जपून काम करणारी, कामाचं ठेवेल आणि बिनकामाचं काढेल. प्रत्यक्षात ती काय करते तर जी डेब आता रिपॉझिटरीतून (पॅकेजं जिथून येतात त्या ऑनलाइन साठ्यातून) परत डाउनलोड होऊ शकत नाही ती काढते. रोजच्या वापरात हे बरोबरच आहे, नवं व्हर्जन आलं की जुनं रिपॉझिटरीतून जातं, मग तुमच्याकडची जुनी डेब ठेवून करायचं काय. पण समजा तुम्ही एखादा पीपीए (उबंटूबाहेरच्या कोणीतरी चालवलेली रिपॉझिटरी) मध्येच काढून टाकलाय आणि त्यातलं पॅकेज परत लागणार आहे, तर ऑटोक्लीन नेमकी तीच फाइल उडवणार जी तुम्हाला परत मिळायची नाही. अशी एखादी डेब असेल तर आधी होममध्ये कॉपी करून ठेवा. उबंटूच्या स्वतःच्या पॅकेजेसची काळजी नको, जुनी व्हर्जन्स लाँचपॅड या उबंटूच्या साइटवर सापडतात, डेबियनची त्यांच्या स्नॅपशॉट साइटवर.

आता खरं दुखणं. क्लीन करायच्या आधी 'सुडो ड्यू -एसएच' देऊन त्या कॅशे फोल्डरचा साइझ बघा, शे-दोनशे एमबीच निघाला तर पुढचं वाचा. आणि डिस्क किती भरली ते दाखवणाऱ्या डीएफ कमांडच्या आउटपुटमध्ये लूपच्या नावाने शंभर टक्के भरलेल्या ओळी दिसतील त्याकडे दुर्लक्ष करा, ती स्नॅपची (डेबहून वेगळा असा उबंटूचा दुसरा पॅकेज प्रकार) रीड-ओन्ली इमेज असते, ती कायम शंभर टक्केच दाखवते.

स्नॅपवरून आठवलं, माझ्या मते उबंटूत सगळ्यात जास्त जुनं बायनरी सामान इथेच पडलेलं असतं. प्रत्येक अपडेटनंतर जुनी आवृत्ती डिसेबल्ड म्हणून ठेवून दिली जाते, म्हणजे गडबड झाली तर मागे जाता यावं. २२.०४ पासून फायरफॉक्ससुद्धा स्नॅपच आहे, त्याच्या दोन कॉपी, वर जीनोमच्या प्लॅटफॉर्म स्नॅपच्या दोन कॉपी, असं करत करत काही जीबी होतात. 'स्नॅप लिस्ट --ऑल' दिलं की डिसेबल्ड लिहिलेल्या ओळी दिसतील, त्यातला रिव्हिजन नंबर घेऊन 'सुडो स्नॅप रिमूव्ह', मग स्नॅपचं नाव, मग '--रिव्हिजन=' आणि तो नंबर. डिसेबल्डच काढा, चालू असलेलं नाही. किती ठेवायच्या ते रिफ्रेश डॉट रिटेन या सेटिंगवर ठरतं, डेस्कटॉपवर ते मुळातच २ असतं आणि २ च्या खाली जात नाही, त्यामुळे ढीग परत जमणारच, त्याला इलाज नाही. आणि हो, अख्खं स्नॅप काढलं की त्याच्या डेटाचा स्नॅपशॉट ३१ दिवस ठेवला जातो, 'स्नॅप सेव्ह्ड'ने बघा, नको असेल तर 'स्नॅप फर्गेट'.

दुसरा खादाड म्हणजे जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या. इमेज, मॉड्युल्स, मॉड्युल्स-एक्स्ट्रा, हेडर्स असं मिळून एका कर्नलचं वजन काही शे एमबी भरतं, आणि हेडर्समध्ये तर बारक्या बारक्या हजारो फायली, त्यामुळे कधी कधी जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) संपतात, 'डीएफ -आय' दिल्याशिवाय ते कळत पण नाही. 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' हे काम नीट करतं, चालू असलेला, सगळ्यात नवा आणि साधारण एक आधीचा ठेवून बाकीचे काढतं. आधी मशीन रीस्टार्ट मात्र करा, लॅपटॉप महिनोन् महिने नुसता झाकण पाडून वापरणारे लोक असतात, त्यांचा चालू कर्नल जुनाच असतो आणि मग तो निघत नाही. 'यूनेम -आर'ने कुठला चालू आहे ते कळेल. एखादा कर्नल तुम्ही नाव देऊन मुद्दाम इन्स्टॉल केला असेल तर तो मॅन्युअल म्हणून नोंदलेला असतो, ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही, तो तुम्हीच काढायचा.

डिस्क एन्क्रिप्ट करून इन्स्टॉल केलं असेल तर बूट वेगळं आणि छोटं पार्टिशन असतं, ते भरलं की नवा कर्नल अर्धवट बसतो आणि मग ऑटोरिमूव्हही आधी तो अर्धवट पूर्ण करायला जातं आणि परत जागा नाही म्हणून अडकतं. अशा वेळी लोक बूटमध्ये जाऊन आरएम कमांडने व्हीएमलिनक्झ आणि इनिटआरडी या कर्नलच्या फायली उडवतात. तसं करू नका, डीपीकेजीच्या हिशेबी तो कर्नल अजून इन्स्टॉल्डच राहतो. त्याऐवजी सगळ्यात जुन्या कर्नलची इमेज आणि मॉड्युल्स-एक्स्ट्रा ही दोन्ही पॅकेजं एकाच 'सुडो डीपीकेजी --पर्ज'मध्ये द्या (चालू कर्नल नाही ना ते दोनदा बघून), मग 'सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल', मग ऑटोरिमूव्ह.

ऑटोरिमूव्ह एंटर मारायच्या आधी यादी वाचाच. यादीत डेस्कटॉपशी संबंधित नावं दिसली तर एन दाबा, मागे कधीतरी तुम्ही एखादं पॅकेज काढताना त्याच्याबरोबर मेटापॅकेजही (बाकीच्या पॅकेजेसना एकत्र धरून ठेवणारं पॅकेज) गेलेलं असणार. जे ठेवायचंय त्याला 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल'. डीपीकेजीच्या यादीत आरसी लिहिलेल्या ओळी असतात, त्यांची फक्त कॉन्फिग उरलेली असते, जागेच्या दृष्टीने नगण्य, सोडून द्या.

/व्हार/लिब/डीपीकेजीला मात्र चुकूनही हात लावू नका, कुठलं पॅकेज बसलंय याचा सगळा हिशोब तिथे असतो, कॅशेचा आणि त्याचा काही संबंध नाही. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स उडवलं तर एकवेळ चालतं, पण पुढच्या ॲप्ट अपडेटला सगळं परत खाली येतं, म्हणजे फायदा शून्य.

एका बाबतीत मी डेब ठेवा असंच सांगेन. शाळेच्या लॅबमध्ये दहा-वीस मशीन आणि मोबाइल हॉटस्पॉटवर नेट असा प्रकार असेल तर प्रत्येक मशीनवर क्लीन मारून तीच पॅकेजं परत परत ओढण्यात काही अर्थ नाही. एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा, बाकीच्यांना त्याचा पोर्ट ३१४२ प्रॉक्सी म्हणून द्या, डेब एकदाच डाउनलोड होऊन तिथे राहते, आणि मग बाकी मशीनवर हवं तेवढं क्लीन करा.